योगशिक्षिका व्हायला बालीला : वेंगुर्ल्यातून निघालेल्या एकीचा अनुभव

गेल्या दोन वर्षांत दहा-बारा जणींनी मला एकच प्रश्न विचारला: "योगा टीचर ट्रेनिंगला बाहेर जाऊ का?" कुणी सावंतवाडीची, कुणी देवगडची, एक तर थेट श्रीवर्धनहून फोन करत होती. प्रत्येकीशी तासभर बोलते आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की महत्त्वाचं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून एकदा बसून लिहून काढते आहे.

मी वेंगुर्ल्याची. आसनं शाळेत पी.टी.च्या सरांकडे शिकले आणि पुढे नऊ वर्षं घरच्या पडवीत रोज पहाटे करत राहिले. 2023 साली बालीत उबुदजवळच्या एका शाळेत 200 तासांचा कोर्स केला.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. योग खोलात शिकायचा असेल तर त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही. लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 पासून आहे, सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट 1918 पासून, पुण्यात अय्यंगारांची संस्था 1975 पासून. जगभरातले लोक तिथे शिकायला येतात आणि आपल्याला ते रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे. मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविकाही आहे, नोकरी-संसार सांभाळून करता येते. माझी गरज वेगळी होती. तारकर्लीकडच्या रिसॉर्टांत परदेशी पाहुणे येतात, त्यांना शिकवायचं होतं, आणि मला इंग्रजीत "श्वास घ्या" एवढंही नीट म्हणता येत नव्हतं. अनेक देशांच्या लोकांत महिनाभर राहिलं की बोलावंच लागेल, हा माझा हिशोब होता. तो बरोबर ठरला. तुमचा हिशोब काय, तो जाण्याआधी कागदावर लिहा. "सर्टिफिकेट मिळेल" एवढंच लिहिता येत असेल तर अजून थांबा.

सर्टिफिकेटबद्दल बराच गैरसमज आहे. बहुतेक शाळा योगा अलायन्सचं नाव सांगतात. ही अमेरिकेतली नोंदणी करणारी संस्था आहे, सरकारी परवाना देणारी नव्हे. तिच्याकडे नोंद असलेल्या शाळेतून 200 तास पूर्ण केले की तुम्ही आपली नोंद करू शकता. दरवर्षी फी भरावी लागते, आणि दर तीन वर्षांत 45 तास शिकवल्याचं व 30 तास पुढचं शिकल्याचं दाखवावं लागतं. रिसॉर्टला आणि परदेशातल्या स्टुडिओंना हे चालतं. आपल्याकडच्या सरकारी कामासाठी मात्र आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा वेगळी द्यावी लागते: लेव्हल 1 प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, लेव्हल 2 वेलनेस इन्स्ट्रक्टर, लेव्हल 3 टीचर अँड इव्हॅल्युएटर. लेखी असते आणि प्रात्यक्षिकही. मी परत आल्यावर लेव्हल 2 दिली. बालीच्या कागदाचा तिथे काही उपयोग झाला नाही, अभ्यासाचा झाला.

आता व्हिजा, कारण माझी चूक तिथेच झाली. भारतीयांना बालीच्या विमानतळावर उतरल्यावर व्हिजा मिळतो, फी 5 लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन). आकडा ऐकून छाती दडपते, पण आपले तीन हजारांच्या आतबाहेरच होतात. मुदत 30 दिवस, आणि उतरला तो दिवस पहिला धरतात. माझा कोर्स 28 दिवसांचा. मी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई, सिंगापूर करत तीन दिवस आधी पोचले, जरा विसावा मिळावा म्हणून. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने बोटांवर मोजून दाखवलं की माझा शेवटचा दिवस एकतिसावा पडतो. जास्त राहिलं तर दिवसाला 10 लाख रुपिया दंड. मुदत एकदा, आणखी 30 दिवस वाढवता येते, पण त्यासाठी डेनपसारच्या इमिग्रेशन ऑफिसात खेपा घालताना माझे शरीरशास्त्राचे दोन वर्ग बुडाले. तिकीट काढण्याआधी कॅलेंडर समोर घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट हाताशी हवं. आणि त्या व्हिजावर तिथे शिकवून पैसे कमवता येत नाहीत, कुणी "दोन वर्ग घे, रोख देतो" म्हणालं तरी नाही म्हणा. 2024 पासून पर्यटकांना दीड लाख रुपियांचा वेगळा करही भरावा लागतो.

माझी फी राहण्या-जेवणासह अडीच हजार डॉलर होती. विमान, विमा, किरकोळ खर्च धरून तीन लाखांच्या जवळ गेलं. त्यातले दीड लाख माझे साठवलेले, बाकीचे भावाने दिले. कर्ज काढून जाऊ नका, एवढं मोठ्या बहिणीच्या हक्काने सांगते.

शाळा निवडताना सगळ्या जणी वेबसाइटवरचे भाताच्या मळ्यांचे फोटो बघतात. मीही तेच केलं. विचारायचं असतं ते असं: एका तुकडीत किती जणी, आणि प्रत्येकीला स्वतः शिकवायला किती वेळ मिळणार? योगा अलायन्सच्या नियमात शरीरशास्त्राला किमान 30 तास, तत्त्वज्ञान-इतिहासाला 30 आणि शिकवण्याच्या कौशल्याला 50 तास आहेत. पण तुकडी मोठी असली की ते 50 तास बहुतेक दुसऱ्यांना बघण्यात जातात. आमच्या शाळेने फोनवर वीस जणी सांगितल्या होत्या, प्रत्यक्षात चौतीस निघाल्या. माझ्या वाट्याला उभं राहून शिकवायला महिन्यात जेमतेम चार तास आले. उत्तर तोंडी घेऊ नका, मेलवर घ्या.

दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. प्राणायाम, दोन तास आसनं, नाश्ता, मग तत्त्वज्ञान आणि शरीरशास्त्र, दुपारी एकेका आसनाची चिरफाड, संध्याकाळी पुन्हा आसनं किंवा शिकवण्याचा सराव. रविवारी सुट्टी. पहिल्या आठवड्यात अंगात उत्साह असतो आणि तिथेच घात होतो. दिवसातून दोनदा पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं, करताना मी रोज थोडी आणखी वाकत गेले. अकराव्या दिवशी बैठकीच्या हाडापाशी, मांडीचा मागचा स्नायू जिथे जोडलेला असतो तिथे, कळ आली. ती जायला सहा महिने लागले. नंतर कळलं की अशा कोर्समध्ये ही नेहमीची दुखापत आहे. गुडघे थोडे वाकवा, सत्तर टक्क्यांवर थांबा. तुम्ही शिकवायला शिकायला गेला आहात.

आपल्या बाजूच्या मुलींनी आणखी एक ओळखून जावं, की आपण रिकाम्या हाताने जात नाही. मालासनात, म्हणजे उकिडवं, टाचा टेकवून बसताना अर्धा वर्ग मागे कलंडत होता. मी विळीवर बसून, लावणीला वाकून मोठी झालेली, मला त्यात काही करावंच लागलं नाही. उलट चतुरंगात, म्हणजे कोपरं वाकवून सगळं अंग हातांवर जमिनीलगत तोलताना, माझे हात थरथरत. शरीरशास्त्राच्या बाईंनी खुब्याच्या हाडाचे दोन नमुने शेजारी ठेवले आणि दाखवलं की मांडीच्या हाडाची मान प्रत्येकाची वेगळ्या कोनात बसते, म्हणून काहींना पद्मासन कधीच येणार नाही, आणि ती त्यांची कसूर नव्हे. नऊ वर्षं मी लोकांना "सरावाने येईल" म्हणत होते. त्या दिवशी रात्री मला त्यातल्या एकेकीचा चेहरा आठवत राहिला.

पतंजलीचं "स्थिरसुखमासनम्" शिकवताना इतर जणी स्थिर आणि सुख हे शब्द वहीत उतरून पाठ करत होत्या. मला ते घरचे शब्द. बंधांचा, म्हणजे शरीरातले ठरावीक भाग आवळून धरण्याच्या क्रियांचा, पाठ आला तेव्हा मूळबंध, जालंधर ही नावं ऐकून मी दचकलेच, कारण आमच्याकडे श्रावणात आजोबा ज्ञानेश्वरीचं पारायण करत त्यात सहाव्या अध्यायात ती ऐकली होती. अर्थ तेव्हा कळला नव्हता. जाण्याआधी सहावा अध्याय सावकाश वाचून जा, ही माझी कळकळीची सूचना.

घराची आठवण फार आली नाही असं म्हणणार नाही. जेवण शाकाहारी, महिनाभर माशाचा वास नाही. पण बालीत घेवडा आणि खवलेलं खोबरं घालून लवार करतात, तो पहिला घास घेतला आणि डोळे भरले. सकाळी स्वयंपाकघरातल्या बाई नारळाच्या कोवळ्या पात्यांचे छोटे द्रोण विणून त्यात फुलं ठेवायच्या, दारात, पायरीवर, चुलीपाशी. मी शेजारी बसून विणायला लागले. झाप विणलेले हात आहेत, दोन दिवसांत जमलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला बाली भाषा येत नव्हती, तरी महिन्यातली माझी सगळ्यात शांत वीस मिनिटं ती होती.

आता शिकवण्याबद्दल, कारण तीन लाखांत मी खरं आणलं ते हेच. पहिल्या सरावात मी मनात मराठी वाक्य करून त्याचं इंग्रजी करत होते. समोरच्या मुली हात वर धरून खोळंबल्या. शिक्षिका म्हणाल्या, आधी श्वास, मग क्रियापद, मग अवयव, मग दिशा, बाकी सगळं गाळ. आठवडाभर मी न्हाणीघरातसुद्धा तेच पुटपुटत होते. दुसरी गोष्ट आरशासारखं शिकवणं: समोर तोंड करून उभं असताना तोंडाने "उजवा" म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. हे घरी आरशासमोर आधीच घोटून जा, तिथले तास वाचतील.

परत आल्यावर मात्र हे सूत्र मराठीत चालेना. आपलं क्रियापद शेवटी येतं. "उजवा पाय सावकाश मागे सरळ रेषेत न्या" म्हटलं तर "न्या" ऐकेपर्यंत माणूस हलतच नाही, आणि तोवर श्वास संपलेला असतो. मग मी वाक्य फोडलं. "श्वास सोडा. उजवा पाय. मागे." अवयवाचं नाव आलं की लक्ष तिथे जातं, आणि "मागे" म्हणताच पाय निघतो. हे मला कुठल्याही शाळेत कुणी शिकवलं नाही, आणि परदेशात शिकून मराठीत शिकवणाऱ्या प्रत्येकीला ते स्वतः बसवावं लागेल.

रिसॉर्टचं काम मिळालं, पण ते हंगामी: ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात किनाऱ्यावर कुणी नसतं. ऑनलाइन चार जणी दुबईतून येतात, सगळ्या मालवणकडच्या. तीन लाख वसूल व्हायला मला अडीच वर्षं लागली. लवकर होतील असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. मॅट महाग घेऊ नका, श्रावणापर्यंत तिला बुरशी धरते. मी सतरंजी वापरते.

माझा सर्वांत जिवाभावाचा वर्ग काजू कारखान्यातल्या बायकांचा, देवळाच्या सभामंडपात, महिना तीनशे रुपये. दिवसभर बसून काजू फोडणाऱ्या. पहिल्याच दिवशी एक काकी म्हणाल्या, "गो बाय, माका खाली बसाक होणा नाय." त्यांना अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीला टेकवून कंबर वर उचलायचं आसन) द्यायला गेले तर त्या हात टेकवेनात. मला वाटलं लाजतात. जवळ जाऊन बघितलं तर काजूच्या चिकाने तळवे काळे पडलेले, बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली. टेकवलं की आग होत असणार. बालीच्या वहीत मनगटाच्या दुखण्याला पर्याय होता, तळव्याच्या आगीला नव्हता. शेवटी कोपरापासूनचे हात देवळाच्या भिंतीला टेकवून उभ्यानेच पाठ लांब करायला लावली. काकींनी डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

आता मी रत्नागिरीला गेले की सोमवारचा वर्ग त्याच घेतात. "श्वास सोडा. टाचो भुंयक," एवढंच म्हणतात, आणि सगळ्याजणींच्या टाचा एकदम खाली येतात.