मालवणच्या होडीत बसण्याआधी नागपुरात करायची तयारी

नागपूरहून रेल्वेने कुडाळ आणि तिथून रस्त्याने मालवण. एवढा प्रवास करून होडीतून डॉल्फिन आणि समुद्रपक्षी बघायला मिळतात जेमतेम दोन-तीन तास. त्यात पोट बिघडलं किंवा दुर्बीण नीट लावता आली नाही, तर डॉल्फिन काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून बरीचशी तयारी इथेच उरकून घ्यायची.

आधी तारीख. पावसाळ्यात होड्या बंद असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो आणि हिवाळी पाहुणे कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे पक्षी किनाऱ्यावर आलेले असतात. आरक्षण करताना शेजारी कालनिर्णय उघडून ठेवा. कोकणात एक सोपं गणित चालतं: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नऊला. आपल्याला हीच वेळ सोयीची, कारण पाणी उतरलं की खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे उघडे पडतात आणि पक्षी त्यावर थव्याने बसतात. होडी सकाळी लवकरचीच ठरवा. शाळेत शिकलेले मतलई आणि खारे वारे आठवतात ना? दुपारी खारे वारे सुटले की पाणी चढं होतं, लाटांचे पांढरे शेंडे दिसायला लागतात, आणि मग त्यांत डॉल्फिनच्या पाठीवरचा पर (फिन) ओळखणं कठीण.

आता दुर्बीण. हिच्यासाठी दोन रविवार काढाच. दहापट दुर्बीण होडीत निरुपयोगी ठरते, प्रत्येक हेलकावा दहापट होऊन डोळ्यांत येतो. आठपट पुरेशी, सातपट मिळाली तर उत्तम. अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या काठावर उभे राहा, उडता पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकडा आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणा. मान खाली घालून दुर्बीण शोधलीत की पक्षी गेलाच. पेंचला तोतलाडोहच्या पाण्यावर नदी सुरय दिसतो, त्याची चाल नीट बघून ठेवा: चोच खाली, नजर पाण्यात, क्षणभर जागच्या जागी फडफड आणि मग सरळ सूर. समुद्रावरचे त्याचे भाऊबंद हेच करतात. कुरव सहसा असा सूर मारत नाही, तो पाण्यावर बसून वेचतो. मालवणला दोन तुरेवाले सुरय असतात, मोठ्याची चोच पिवळी आणि धाकट्याची नारिंगी. एवढं पाठ असलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

दिशा सांगायचा सरावही तलावावरच करा. ‘तो बघ, तिकडे!’ असं ओरडून कुणालाच काही दिसत नाही. घड्याळ डोळ्यांसमोर आणा: होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बारा, उजवा हात तीन, पाठ सहा. ‘दोन वाजता, लांब, पाण्यालगत’ म्हटलं की सगळ्यांच्या माना बरोबर वळतात.

पोटाचं मी कळकळीने सांगते. पहिल्या वर्षी मी इंजिनाशेजारी बसले होते. डिझेलच्या धुरात अर्धा वेळ डोकं धरून गेला आणि सगळ्यांनी पाहिलेला समुद्र गरुड मला दिसलाच नाही. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून एखाद्या सुटीच्या दिवशी घरी घेऊन बघा. त्या सकाळी तर्री पोहे नकोत, पण उपाशीही जाऊ नका, दोन पोळ्या किंवा केळं पुरे. होडीत मधोमध बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाईल खिशात ठेवा.

कपड्यांचं फार काही नाही. जीन्स नको, कारण चढताना गुडघाभर पाणी लागतं आणि ती वाळत नाही. पट्ट्याच्या चपला, दोरीची टोपी, वाऱ्यासाठी पातळ जाकीट. आपला उन्हाळ्यातला दुपट्टा घ्याच, पाण्यावरून परतणारं ऊन खालूनही भाजतं, पण टोकं खोचून ठेवा, नाहीतर ती शेजारच्याच्या दुर्बिणीसमोर फडफडतात. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि भिंगावर खारं पाणी उडालं तर ते कोरड्या रुमालाने घासू नका, गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने टिपा. लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचं आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

तांडेलशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, मात्र निघण्यापूर्वीच बोला. एकदा आमच्या होडीने पिल्लू सोबत असलेल्या डॉल्फिनचा पाठलाग केला. आई आणि पिल्लू बुडी मारून गेले ते पुन्हा दिसले नाहीत, आणि आम्ही सगळे गप्प बसलो होतो. ते अजून सलतं. किनाऱ्यालगत दिसतो तो बहुधा हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. डॉल्फिनना १९७२च्या वन्यजीव कायद्याने पहिल्या अनुसूचीचं संरक्षण दिलंय. तेव्हा आधीच सांगा: पन्नास मीटरच्या आत जायचं नाही, समोरून आडवं यायचं नाही, इंजिन मंद ठेवून त्यांच्या बाजूने चालायचं, आणि डॉल्फिन दिसला नाही तरी ठरलेले पैसे पूर्ण मिळतील. हे शेवटचं वाक्य विसरू नका. पाठलाग बहुतेक वेळा गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीनेच होतो.

इंजिन बंद झालं की तुम्हीही बोलणं थांबवा. डॉल्फिन पुष्कळदा आधी ऐकू येतो. पाठीमागून फुस्स असा श्वास येतो, मग करडी ओली पाठ चाकासारखी फिरून पाण्यात जाते. पर अजिबातच नसेल आणि नुसती गुळगुळीत पाठ दिसली, तर तो डॉल्फिनचा बिनपराचा नातेवाईक, फिनलेस पॉरपॉइझ, असू शकतो. घाईने नाव लिहू नका, आधी वेळ, संख्या, पिल्लू होतं का, कुठल्या दिशेने गेले, हे टिपा. आणि वहीसोबत पेन्सिलच न्या, शाई खाऱ्या पाण्यात पसरते.