माणसं किती? दात-जबड्याच्या संशोधनात नव्यानं येणाऱ्यांसाठी

"किती?" संख्याशास्त्राच्या मॅडमनी विचारलं.

"एकशेवीस." माझ्या आवाजात जरा ऐट होती.

"माणसं किती?"

"वीस."

त्यांनी माझ्या तक्त्यावरचा १२० खोडला, वर २० लिहिलं आणि पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारली.

पदव्युत्तर शिक्षणाचं माझं दुसरं वर्ष होतं. अडकलेली खालची अक्कलदाढ काढताना हिरडी कोणत्या पद्धतीनं कापली तर शेजारच्या दाढेमागे कमी खोल पॉकेट (दात आणि हिरडी यांच्यामधली खाच) राहतो, हा थीसिसचा विषय. वीस रुग्ण, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा अडकलेल्या. एका बाजूला एन्व्हलप फ्लॅप (फ्लॅप म्हणजे कापून उचललेली हिरडी), दुसऱ्या बाजूला ट्रँग्युलर फ्लॅप, आणि प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी प्रोब ही खुणांची सळई घालून खोली मोजायची. वीस गुणिले दोन गुणिले तीन. ते सगळे आकडे एकाखाली एक मांडून मी टी-टेस्ट (दोन सरासरींमधला फरक तपासणारी चाचणी) लावली होती आणि पी-व्हॅल्यू (जितकी लहान, तितका फरक योगायोगाचा असल्याचा संशय कमी) इतकी देखणी आली होती की मी ती घरी फोन करून वाचून दाखवली होती. पलीकडून "म्हणजे पास ना?" एवढंच आलं.

चूक काय होती ते नीट समजून घ्या, कारण या क्षेत्रात ती पावलोपावली भेटते. एका तोंडातल्या सगळ्या जागा एकाच माणसाच्या असतात. तो सिगारेट ओढत असेल तर सगळ्या जागा एकदम बिघडतात, नीट ब्रश करत असेल तर सगळ्या एकदम सुधारतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यातून नवी माहिती फारशी मिळत नाही, पण संगणकाला ते कळत नाही. हिरड्यांच्या तपासणीत एका दाताला सहा जागा मोजतात. अठ्ठावीस दात धरले तर एका तोंडातून १६८ आकडे निघतात. दहा रुग्णांत १,६८० झाले की आपण फार मोठं काम करतोय असं वाटायला लागतं. हृदयवाल्यांना एका माणसामागे एकच हृदय मिळतं, म्हणून हा मोह त्यांच्या वाट्याला येत नाही.

मार्ग दोन आहेत. प्रत्येक माणसाची सरासरी काढून माणूस हेच एकक धरायचं, नाहीतर माणसाच्या आत दात आणि दाताच्या आत जागा अशी उतरंड मान्य करणारं बहुस्तरीय मॉडेल वापरायचं. दुसरं स्वतः करायला जाऊ नका. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहितानाच संख्याशास्त्रज्ञाला गाठा. आकडे गोळा झाल्यावर त्यांच्याकडे जाणं म्हणजे टाके घातल्यावर भूल द्यायला सांगणं.

माझं डिझाइन मात्र चांगलं होतं, त्याला स्प्लिट-माउथ म्हणतात. एकाच माणसाच्या दोन बाजूंची एकमेकींशी तुलना होते, त्यामुळे वय, सवयी, हाडाचा घट्टपणा हे सगळं आपोआप सारखं राहतं. पॉकेटसाठी ते छान चालतं. दुखण्यासाठी चालेलच असं नाही. दोन्ही दाढा एकाच दिवशी काढल्या तर वेदनाशामक गोळी दोन्ही बाजूंना लागू पडते आणि रुग्णाला कुठलं किती दुखतंय ते वेगळं सांगता येत नाही. वेगवेगळ्या दिवशी काढल्या तर दुसऱ्या वेळेची वेदना पहिल्या अनुभवाच्या मापानं मोजली जाते. म्हणून कोणती बाजू आधी, हेसुद्धा चिठ्ठी टाकूनच ठरवावं लागतं. मी ते ठरवलं नव्हतं. सोपी वाटणारी बाजू आधी घेत गेले, आणि शेवटच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं.

मोजण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच बिघडतं.

प्रोब म्हणजे हातातली मोजपट्टी, पण ती मऊ पेशींत घुसते. जोर जास्त लागला की खोली वाढते. साधारण २५ ग्रॅम एवढा हलका जोर धरतात. तो हाताला बसावा म्हणून डिजिटल वजनकाट्यावर प्रोबचं टोक टेकवून सराव करा. पहिल्या दिवशी माझा काटा ६० च्या पुढे गेला होता. शिवाय प्रोब कुठला आहे ते पाहा. विल्यम्स प्रोबवर ४ आणि ६ मिलिमीटरच्या खुणाच नसतात, त्यामुळे तिथले आकडे अंदाजाने लिहिले जातात आणि बहुतेकांच्या तक्त्यात ५ ची गर्दी होते. यूएनसी-१५ वर १५ मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला खूण असते. अर्धा मिलिमीटर फरक दाखवायचा बेत असेल तर हे उपकरण मागवण्याआधी ठरवायचं असतं.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणाऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात ना ते पाहणं. काही रुग्ण एकाच माणसानं दोनदा तपासायचे आणि काही दोघांनी वेगवेगळे तपासायचे. निकाल नुसत्या टक्क्यांत लिहू नका. समजा दोन तपासनीस आहेत आणि दोघेही शंभरातले ९० दात चांगले म्हणतात. दोघांनी डोळे मिटून ठोकून दिलं तरी ८२ टक्के वेळा त्यांचं जुळेल: दोघं 'चांगला' म्हणण्याची शक्यता ०.८१, दोघं 'किडका' म्हणण्याची ०.०१. म्हणून योगायोगानं जुळलेला भाग वजा करणारा 'कॅपा' (kappa) हा आकडा वापरतात. जेकब कोहेन यांनी तो १९६० मध्ये मांडला. कीड मोजण्याचा डीएमएफ निर्देशांक त्याहून जुना, १९३८ चा: किडलेले, गेलेले आणि भरलेले दात यांची बेरीज. त्यातला 'गेलेले' हा भाग फसवा आहे. हिरडीच्या रोगानं पडलेला दात, अपघातात गेलेला दात आणि तारा बसवण्यासाठी काढलेली उपदाढ ही कीड धरायची नसते, पण मोकळी जागा पाहून ते कळत नाही. विचारावं लागतं, आणि वयस्कर माणसांना बहुधा आठवत नाही.

ज्यानं शस्त्रक्रिया केली त्यानंच नंतर मोजू नये. माझ्या वेळी मीच दोन्ही केलं. प्रोब टेकवताना 'माझी' पद्धत कुठल्या बाजूला होती ते मला ठाऊक असायचं आणि त्या बाजूला बोट आपोआप हलकं पडायचं. नंतर एका मैत्रिणीला मोजायला बसवलं तेव्हा आकडे थोडे बदललेच.

प्रयोगशाळेकडे वळणाऱ्यांनी काढलेल्या दातांच्या बरणीपासून सावध राहायला हवं. प्रत्येक विभागात अशी एक बरणी असते आणि तिचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. दात वाळले की तडकतात, म्हणून ते ओले ठेवायचे. फॉर्मॅलिननं डेंटिनमधलं (दाताच्या आतल्या थरातलं) प्रथिन बदलतं आणि भराव दाताला चिकटण्याची ताकद मोजणाऱ्या प्रयोगात मग काय मोजतोय तेच कळेनासं होतं. थायमॉल किंवा क्लोरामिन-टीचं सौम्य द्रावण वापरतात. चांदी (अमाल्गम) भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, कधीही टाकू नका, अमाल्गममधल्या पाऱ्याची वाफ होते. आणि पुन्हा तोच प्रश्न: बरणीतले चाळीस दात कितीजणांचे? तारांसाठी उपदाढा काढतात तेव्हा बहुतेकदा एकाच माणसाच्या चार निघतात. चाळीस उपदाढा म्हणजे कदाचित दहाच माणसं. दात बरणीत पडण्याआधीच लेबल लावा, आणि त्या माणसाची परवानगीही तेव्हाच घ्या. नंतर तो सापडत नाही.

दाताचे किंवा हाडाचे सूक्ष्म छेद घ्यायचे असतील तर वेळापत्रकात ईडीटीएसाठी (कॅल्शियम हळूहळू काढून ते मऊ करणाऱ्या द्रावणासाठी) काही आठवडे राखून ठेवा. नायट्रिक ॲसिडनं काम लवकर होतं, पण मग पेशींना रंग नीट चढत नाही. एक्स-रेबद्दल एकच सांगते: ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे) लांबी मोजण्यासाठी घेऊ नका. प्रतिमा साधारण २० ते ३० टक्के मोठी येते आणि डोकं जरा वळलं की एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी दिसते.

जबड्याच्या शस्त्रक्रियेत अडचण उलटी असते. इथे माणसं मोजायला पुरेशीच नसतात. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून पुढे-मागे सरकवण्याची पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी १९५७ मध्ये मांडली. आजही ती रोजच्या वापरात आहे, पण एका विभागात वर्षभरात अशा शस्त्रक्रिया फार होत नाहीत. म्हणून विद्यार्थी जुन्या फायली काढतात. फायलींमधली अर्धी पानं कोरी असतात. शिवाय ज्याचं सगळं छान झालं तो पुन्हा तपासणीला येत नाही, आणि ज्याचं फार बिघडलं तो दुसरीकडे जातो. उरलेल्यांवरून काढलेला निकाल म्हणजे मधल्याच लोकांचा निकाल. तुमच्या आराखड्यात किती जण नोंदले, किती परत आले आणि न आलेले का आले नाहीत, हे तीन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. फोन करणं कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते पूर्ण प्रकल्पातलं ते सगळ्यात महत्त्वाचं.

थोडी माणसं म्हणजे वाया गेलेला अभ्यास, असं मात्र समजू नका. हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांचा १९६५ चा प्रयोग फक्त १२ जणांवर होता, त्यातले ९ विद्यार्थी. सगळ्यांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं आणि त्या पूर्ववत झाल्या. प्रत्येकाची स्वतःशीच तुलना, आणि परिणाम इतका मोठा की मोठ्या संख्येची गरजच पडली नाही. २००३ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी हाडांसाठीची पॅमिड्रोनेट आणि झोलेड्रोनेट ही औषधं घेणाऱ्या ३६ रुग्णांच्या जबड्याचं हाड उघडं पडून मेल्याचं कळवलं. तुलना गट नाही, चिठ्ठ्या नाहीत, एक छोटं पत्र. आज दाढ काढण्याआधी आपण हाडांच्या औषधांबद्दल विचारतो, त्यामागे तेच पत्र आहे. एकसारख्या विचित्र तीन-चार केसेस लागोपाठ दिसल्या तर लिहून ठेवा.

एथिक्स कमिटीचा फॉर्म कटकट वाटेल. वाटू द्या. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाल्लं ते महत्त्वाचं, हे आपण रुग्णांना रोज सांगतो. ते ज्ञान बऱ्याच अंशी स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेतून आलं. तिथे १९४० च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफी खायला दिल्या गेल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ मध्ये आला. वैद्यकीय ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी तिची सार्वजनिक नोंदवहीत नोंदणी करा. प्रमुख नियतकालिकं २००५ पासून त्याशिवाय लेख घेत नाहीत, आणि नंतर नोंदवून ती तारीख मागे नेता येत नाही.

माझ्या थीसिसचं काय झालं? वीस माणसं धरल्यावर दोन फ्लॅपमधला फरक नाहीसा झाला. मी रडवेली होऊन गाइड सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "फरक नाही हे तुझ्या आकड्यांनी सांगितलं ना? मग तेच लिही." तसंच लिहिलं. एका लहान नियतकालिकात छापलं गेलं, पुढे दोघा-तिघांनी त्याचा उल्लेखही केला. ती देखणी पी-व्हॅल्यू अजून एका जुन्या वहीत आहे.

वहीत आणखी एक नोंद आहे, चौदाव्या रुग्णाची. खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाची नस जाते, म्हणून माझ्या फॉर्मवर 'ओठाचा बधिरपणा: आहे / नाही' असा रकाना होता. तिन्ही तपासण्यांना त्या बाईंनी 'नाही' सांगितलं आणि मी टिक केली. कापसाचा स्पर्श कळत होता, टाचणी कळत होती. शेवटच्या दिवशी त्या निघताना पाणी प्यायल्या. हनुवटीवरून थेंब ओघळला तो त्यांना कळलाच नाही, बरोबरच्या मुलीनं रुमाल पुढे केला तेव्हा त्यांनी पुसला. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, ते होय? ते तर दाढ काढल्यापासून होतं. पण बधिर नाही वाटत."

आता माझ्या प्रत्येक फॉर्मच्या तळाशी तीन ओळी मोकळ्या असतात. बहुतेक वेळा त्या रिकाम्याच राहतात.