वृद्धांसाठी घर: आधी दांडी, मग दिवा, शेवटी यंत्र

साताऱ्याच्या जुन्या पेठांतील घरे उन्हाळ्यात थंड असतात, पण म्हातारपणात ती अवघड जातात. जोत्यावर चढणाऱ्या उंच दगडी पायऱ्या, माजघराचा उंबरठा, अंगणापलीकडचे न्हाणीघर, पावसाळ्यात ओल धरणारी शहाबादी फरशी आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्याबरोबर जाणारी वीज यांची सवय झालेल्या माणसाला त्यात काही वावगे दिसत नाही. मुले पुण्याला किंवा त्याहून दूर असतात, आणि काळजीपोटी मनगटी घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वस्तू घरी पाठवून देतात. घरातील लहानमोठी कामे हौसेने स्वतः करणारा माणूस म्हणून माझे मत असे आहे की हा क्रम उलटा आहे. माणूस पडल्याची बातमी देणाऱ्या घड्याळापेक्षा, त्याला पडू न देणारी भिंतीतील दांडी अधिक उपयोगाची असते आणि ती स्वस्तही पडते.

कामाला हात घालण्यापूर्वी घराची पाहणी करावी आणि ती रात्री करावी. आई किंवा वडील अंथरुणातून उठून न्हाणीघरापर्यंत ज्या वाटेने जातात, त्याच वाटेने, ते लावतात तेवढेच दिवे लावून, वही आणि मोजपट्टी घेऊन चालावे. हात कुठे आपोआप भिंतीकडे जातो, कुठे चौकट धरावीशी वाटते, कुठे अंदाजाने पाऊल टाकावे लागते, त्या जागांवर खडूने खूण करावी. पायऱ्यांची उंची एकेक करून मोजावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरात पायरीची उंची 19 सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि पाऊल ठेवण्याची रुंदी 25 सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी; जुन्या जिन्यांत हे प्रमाण क्वचितच सापडते. तरीही उंच पायरीपेक्षा वेगळी पायरी जास्त घातक ठरते. सगळ्या पायऱ्या सारख्या उंच असतील, तर पाय ती उंची पहिल्या दोन पायऱ्यांतच शिकतो. पण अंगणात नवी फरशी घातल्यामुळे खालची एकच पायरी चार बोटे ठेंगणी झाली असेल, तर तिथे हमखास तोल जातो. ती पायरी आधी दुरुस्त करून घ्यावी, आणि ते होईपर्यंत तिच्या काठावर पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा.

आता आधाराच्या दांडीचे काम. बाजारात 'ग्रॅब बार' या नावाने मिळणारी स्टेनलेस स्टीलची दांडी घेताना ती 304 दर्जाची आहे का, हे विचारावे, कारण त्याखालच्या दर्जाचे पोलाद न्हाणीघराच्या ओलीत गंजते. दांडीची जाडी मुठीत नीट मावेल अशी, साधारण 32 ते 38 मिलिमीटर असावी, आणि भिंत व दांडी यांत 38 मिलिमीटरच्या आसपास फट असावी. फट त्याहून जास्त असल्यास तोल गेलेल्या माणसाचा हात कोपरापर्यंत आत घुसून अडकू शकतो. आडव्या दांडीची उंची जमिनीपासून 84 ते 91 सेंटिमीटर असावी, असे परदेशी मानक सांगते. आपल्याकडे मात्र ज्याच्यासाठी दांडी बसवायची, त्याला समोर उभे करून मनगटाच्या उंचीवर खूण करणे अधिक चांगले. आजी पाच फुटांच्या आत असतील, तर पुस्तकी उंची त्यांच्या कामाची नाही. कमोडच्या बाजूला आडवी आणि न्हाणीघराच्या दारापाशी उभी अशा किमान दोन दांड्या लागतात. टॉवेल वाळत घालायच्या नळीला किंवा रबरी कपाने टाइल्सला चिकटणाऱ्या दांडीला आधार समजू नये. ओल धरली की तो कप केव्हा सुटेल, याचा भरवसा नसतो.

टाइल्स लावलेल्या विटांच्या भिंतीत भोक पाडताना खुणेवर कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे बिट घसरत नाही. वरच्या चकाकीपुरते टाइल्सचे बिट वापरावे, ड्रिलची हॅमर कळ बंद ठेवावी आणि वेग कमी ठेवावा. टाइल्स पार झाल्यावर भिंतीचे बिट लावून हॅमर सुरू करावे. नळाच्या थेट वर आणि खाली, तसेच स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत भोक पाडू नये, कारण पाइप आणि वायरी बहुधा याच रेषांतून गेलेल्या असतात. पाणसळ लावून दोन्ही टोके जुळवावीत, भोकातील भुकटी पंपाने पूर्ण काढावी आणि मगच फास्टनर, म्हणजे भोकात पसरून धरणारा बोल्ट, ठोकावा. भुकटी राहिली तर फास्टनर घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि जोर पडताच फिरू लागतो. या साऱ्या वेळात डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क असावा.

जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंतींची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडचा काळा दगड इतका कठीण असतो की साधे ड्रिल त्यात तापते पण शिरत नाही, आणि दोन दगडांमधला माती-चुन्याचा सांधा इतका भुसभुशीत असतो की त्यात फास्टनर पसरला तरी धरत नाही. अशा भिंतीवर प्लास्टिकची गिट्टी ठोकून दांडी लावणे म्हणजे घातच. तिथे दोन मार्ग आहेत. जाड सागवानी फळी अनेक ठिकाणी, दगडातच भोके घेऊन, रासायनिक अँकरने, म्हणजे भोकात घट्ट होणारे रसायन भरून रोवलेल्या बोल्टने, बसवावी आणि दांडी त्या फळीवर स्क्रूने घट्ट करावी. किंवा भिंतीचा नाद सोडून जमिनीतील काँक्रीटमध्ये बेस प्लेटसह उभा पाइप रोवून घ्यावा. दुसरा मार्ग फॅब्रिकेशनवाल्याकडून सहज होतो आणि माझ्या मते जुन्या घरात तोच पहिल्यांदा विचारात घ्यावा. कोणत्याही मार्गाने बसवलेली दांडी आई-वडिलांच्या हाती देण्यापूर्वी घरातील सर्वांत वजनदार माणसाने तिला अंगाचा पूर्ण भार देऊन ओढून पाहावे. ती किंचितही हलली, तर काम पुरे झालेले नाही.

न्हाणीघराच्या दाराकडे सहसा कोणी पाहत नाही, पण माणूस आत पडला की सगळा घोळ तिथेच होतो. दार आत उघडणारे असेल, तर पडलेल्या माणसाचे शरीरच त्याला अडसर होते आणि बाहेरच्यांना दार फोडताही येत नाही. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असे करावे. सुताराचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. आतली कडी काढून, बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवता येईल असे कुलूप लावावे.

फरशीवरील शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून निघते, परंतु ती पावडर संडास साफ करण्याच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नये, एकापाठोपाठ एकही वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. सुती पायपुसणी सरकतात. त्याऐवजी खालून रबर असलेली घ्यावीत किंवा काढूनच टाकावीत.

उंबरठा काढा, असा सल्ला परगावचे लोक सहज देतात. ज्या उंबरठ्यावर रोज सकाळी हळद-कुंकू वाहिले जाते, तो काढायला घरातील आजी तयार होणार नाहीत, आणि त्यांचे मन मोडून केलेली सुधारणा टिकत नाही. उंबरठा राहू द्यावा, चौकटीच्या दोन्ही अंगांना उभ्या मुठी बसवाव्यात आणि उंबरठ्याच्या कडेला फरशीहून वेगळ्या रंगाची पट्टी द्यावी. चाकाची खुर्ची किंवा वॉकर वापरणाऱ्यासाठी लाकडी उतार करायचा झाल्यास एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे 10 सेंटिमीटर उंचीसाठी 120 सेंटिमीटर लांब उतार लागतो. एवढी जागा नसेल, तर आखूड आणि खडा उतार करू नये. तो उंबरठ्यापेक्षा वाईट.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे, पण काय करून घ्यायचे, हे आपल्याला ठाऊक हवे. मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा. एमसीबी वायरी जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवण्याचे काम आरसीसीबीचे आहे, आणि हे दोन्ही एकच समजण्याची चूक फार सर्रास होते. गॅस गिझर न्हाणीघरात ठेवू नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळीला गेलेला माणूस काही कळण्यापूर्वी बेशुद्ध होतो. तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावून फक्त पाण्याचा पाइप आत घ्यावा.

यानंतर दिव्यांची पाळी. चाहूल लागताच पेटणारे सेन्सरचे एलईडी दिवे ही मला हातच्या उपकरणांपैकी सर्वांत गुणी वस्तू वाटते. हे दिवे गुडघ्याच्या खाली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत ओळीने लावावेत, म्हणजे उजेड फरशीवर पडतो आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. रंग पिवळसर, 2700 ते 3000 केल्विनचा घ्यावा. सेन्सर शरीराची उष्णता हेरतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या तापलेल्या खोलीत, भिंत आणि माणूस यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही तेव्हा, तो थोडा मंदावतो; त्यासाठी दिव्यांमधील अंतर कमी ठेवावे. चार्जिंगचा दिवा असेल, तर वीज गेली तरी चालतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हाच गुण मोलाचा ठरतो.

घर इतके झाले की मग यंत्रांकडे वळावे. रक्तदाबाचे यंत्र दंडाला पट्टा बांधण्याचे घ्यावे, मनगटाचे नको. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असला पाहिजे. साधा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेरासाठी असतो, आणि जाड दंडावर तो बांधल्यास आकडा खोटाच जास्त येतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, उघड्या दंडावर पट्टा बांधून हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर टेकवावा आणि त्या वेळी बोलू नये. गप्पा मारत मोजलेला आकडा वहीत लिहिण्याच्या लायकीचा नसतो. सकाळ-संध्याकाळ, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे आठवडाभर मोजून पहिल्या दिवसाचे आकडे वगळून सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल, तर ती वही डॉक्टरांना दाखवावी.

याच यंत्राचा पडण्याशी थेट संबंध असलेला एक उपयोग फारसा कोणी करत नाही. वडिलांना उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजावा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. जवळ मजबूत माणूस उभा असावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर हे डॉक्टरांच्या कानावर घातलेच पाहिजे. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळेही असे होऊ शकते, मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पायांतील बळ पाहायला तर यंत्रही लागत नाही. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे आणि दुसऱ्याने मोबाइलवर वेळ मोजायची. 12 सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. वाड्याच्या ओसरीवर तीन मीटर सहज मिळतात.

ग्लुकोमीटरबद्दल एवढेच, की बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. साताऱ्यात घरी कोणी आले की कंदी पेढे फुटतात, आणि पेढ्याचे बोट तसेच पट्टीला लावले तर साखर भलतीच दिसते.

मदतीची हाक मारण्यासाठी महागड्या घड्याळाआधी साधी वायरलेस दारघंटी वापरून पाहावी. तिचे बटण न्हाणीघरात, कमोडच्या बाजूला, फरशीपासून फूटभर उंचीवर चिकटवावे, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर जातो. छातीच्या उंचीवर लावलेल्या बटणाचा गरजेच्या क्षणी काही उपयोग नसतो. पाण्याने न बिघडणारे बटण निवडावे, आणि घंटी स्वयंपाकघरात किंवा शेजाऱ्यांकडे ठेवावी. दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीतून लहरी नीट जात नाहीत, त्यामुळे खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर विसंबू नये. सगळी दारे लावून प्रत्यक्ष वाजवून पाहावे. पडणे ओळखणारे घड्याळ घ्यायचेच असेल तर जरूर घ्यावे, मात्र बहुतेक घड्याळांना फोन जवळपास लागतो, खुर्चीवरून हळूच घसरलेला माणूस त्यांच्या हिशेबात येईलच असे नाही, आणि आंघोळीला जाताना ते काढून ठेवायची आपल्या वडिलांची सवय मोडणे हे दांडी बसवण्यापेक्षा कठीण काम आहे. फोनशेजारी 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, घराची खूण आणि चालू गोळ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावीत.

देखभालीसाठी वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. खंडेनवमीला पूजेसाठी हत्यारे बाहेर निघतातच. त्याच दिवशी दांड्यांचे स्क्रू आवळावेत, घंटीच्या आणि रक्तदाबाच्या यंत्राच्या बॅटऱ्या बदलाव्यात, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. गुढीपाडव्याला तेच पुन्हा करावे. रक्तदाबाचे यंत्र मात्र वर्षातून एकदा पिशवीत घालून दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांच्या यंत्राशी आकडा ताडून पाहावा.