डॉक्टरसमोर बीपी वाढतं? घरी असं मोजा
दवाखान्यात दंडाला पट्टा आवळला की धडधडायला लागतं आणि बीपी वर, घरी आलं की नॉर्मल, ह्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात, नुसत्या टेन्शननी आकडा चढतो. माझं तिथे वरचं 150 अन् घरी 128!

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको (हेच सगळ्यात अवघड), लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसा, मोबाईल पण नको, श्वास सोडताना जरा लांबवा. हात टेबलावर, छातीच्या लेव्हलला. मिनिटभराच्या गॅपनी दोन रीडिंग घ्या, वहीत लिहा. घरीसुद्धा सारखं 135/85 च्या वर येत असेल तर मनाचे खेळ म्हणून सोडू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि गोळ्या चालू असतील तर आपल्याआपण बंद करू नका.