डिजिटल चित्रात देवदूत रंगवताना या चुका टाळा

देवदूताचे चित्र फिके वाटू लागले की बहुतेक चित्रकार ग्लोचा, म्हणजे झळाळीचा, आणखी एक लेयर (चित्रावरचा स्वतंत्र थर) चढवतात आणि तिथेच ते पुरते बिघडते. ‘स्क्रीन’ किंवा ‘ॲड’ या रंगमिश्रणाच्या मोडमधील लेयर खालचा रंग केवळ उजळवू शकतो. असे तीन-चार लेयर एकावर एक आले की चेहरा, केस आणि पंखांच्या कडा पांढऱ्यात विरघळतात. अशा वेळी सगळे ग्लो बंद करून चित्र करड्या छटांत पाहावे आणि प्रकाश जाणवण्याइतका अंधार भोवती आहे का, हे तपासावे. प्रभावळीत सपाट पिवळा भरणे ही त्याच जातीची चूक आहे. सोन्याचे सोनेपण परावर्तनात असते, म्हणून गडद तपकिरी आणि फिकट पिवळा अगदी शेजारी यावे लागतात.

पंख पाठीवर चिकटवल्यासारखे दिसत असतील, तर आधी हाडे रेखाटावीत. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच. त्याला खांदा, कोपर आणि मनगट असते व सर्वांत लांब पिसे मनगटापुढे असतात. एकच पंख आरशासारखा उलटवून दोन्हीकडे लावला की आकृती बिल्ल्यासारखी ताठ दिसते.

मात्र सर्वांत मोठी गफलत अर्थाची असते. गुबगुबीत पंखधारी बालकाला सर्रास करूब (बायबलमधील एक प्रकारचे स्वर्गीय प्राणी) म्हटले जाते. या बालकाचे रूप रोमन प्रेमदेवता क्युपिडकडून आलेले आहे, तर बायबलमधील यहेज्केल या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील प्राण्यांना, ज्यांना पुढे करूब म्हटले आहे, चार मुखे आणि चार पंख आहेत. हल्ली याच्या उलट टोकाला जाऊन प्रत्येक देवदूत डोळ्यांनी भरलेले चाक म्हणून रंगवला जातो, जणू बायबलमधील उत्पत्ती या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात अब्राहामाकडे आलेले पाहुणे साध्या माणसांसारखे दिसलेच नव्हते! बायबलमधील संदेष्टा यशयाने पाहिलेल्या सराफीम या देवदूतांचे सहाही पंख पंख्यासारखे पसरवणारे चित्र तर हमखास आढळते. मूळ वर्णनात ते दोन पंखांनी मुख झाकतात, दोन पंखांनी पाय झाकतात आणि उरलेल्या दोनच पंखांनी उडतात. तो संकोच गाळला की भक्तिभाव जातो आणि केवळ थाट उरतो.

शेवटची तपासणी म्हणून पंखांचा लेयर लपवून पाहावा. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातील उडत्या अप्सरांना पंख नाहीत. तरंगणे दिसते ते कललेल्या देहातून आणि एका बाजूला झुललेल्या अलंकारांतून. आपली आकृती पंखांवाचून जमिनीवर उभी वाटत असेल, तर दुरुस्ती कंबर, पाय आणि वस्त्रांच्या चुण्यांत करायची आहे.