डॅशबोर्डच्या कामासाठी जुन्या गाडीचा स्टिअरिंग कॉलम खाली घेताना या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक उष्णता कोंडते. त्यामुळे पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर जपणाऱ्या येथील मालकांना डॅशबोर्डच्या आच्छादनाला गेलेले तडे आणि आतल्या वायरींचे कडक, ठिसूळ झालेले वेष्टण या दोन गोष्टी चांगल्याच परिचयाच्या आहेत. ही दुरुस्ती करताना हात आत जावा म्हणून कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणारा दांडा आणि त्याची नळी, चार-पाच बोटे खाली घेतला जातो आणि नेमके त्याच वेळी स्टिअरिंगचे नुकसान होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटचे बोल्ट काढून स्टिअरिंगचे चाक खाली ओढणे. अनेक जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा मध्ये कोठेही सांधा नसताना थेट स्टिअरिंग बॉक्सपर्यंत, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या गिअरच्या पेटीपर्यंत, गेलेला असतो. वरचा आधार सुटला की चाकावर दिलेला प्रत्येक झटका तरफेसारखा खालच्या टोकावर येतो आणि तेथील बुश किंवा बेअरिंग त्याचा मार खाते. म्हणून पायांजवळची पट्टी आणि रबर आधी सैल करावे, गाडीच्या मॅन्युअलमध्ये सूचना असल्यास बॉक्सचे बोल्टही थोडे ढिले करावेत, आणि मगच वरचे बोल्ट काढावेत. कॉलमला टेकण्यासाठी चालकाच्या सीटवर आपली सोलापुरी चादर चौपदरी घडी करून ठेवावी. ती जाड असते, घसरत नाही आणि चाकावर ओरखडा येऊ देत नाही. माझ्या पद्मिनीचा कॉलम मी पहिल्या वेळी रात्रभर तसाच लोंबकळत ठेवला होता. जोडणीनंतर स्टिअरिंग एका बाजूला जड लागू लागले आणि कारण सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

परदेशी गाडी असल्यास ही काळजी अधिकच घ्यावी. जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलांपासून अपघातात दबणारा कॉलम बसवण्यास सुरुवात केली. त्याचे भाग प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्यांनी धरलेले असतात आणि सुटा झालेला कॉलम ठोकल्याने, आपटल्याने किंवा त्यावर भार दिल्याने ते तुटतात.

बॅटरी न सोडता काम सुरू करू नये. बॉडीला जोडलेले टर्मिनल आधी काढावे, म्हणजे दुसरे सोडताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. इंडिकेटर, डिपर आणि हॉर्नच्या वायरी ओढल्या जाण्यापूर्वी त्यांचे कपलर (वायरींचे जोड) सोडून प्रत्येकाला चिकटपट्टीची खूण करावी. मीटर काढणार असल्यास त्याची केबलही आधी सोडावी, कारण ती मुरडली की काटा थरथरू लागतो.

ब्रॅकेटमागच्या पातळ पॅकिंग पट्ट्यांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. काम संपल्यावर त्या झाडलोटीत निघून जातात, कॉलम ताणलेल्या स्थितीत आवळला जातो आणि स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. त्यांची संख्या आणि बाजू लिहून ठेवावी. बोल्ट कमी-अधिक लांबीचे असतील तर तेही वेगवेगळे ठेवावेत.

स्टिअरिंगवरच गिअरचा दांडा असलेल्या गाडीत काम न्यूट्रलमध्ये करावे आणि दांडे सोडण्यापूर्वी सांध्यांवर रंगाची खूण करावी. जोडणीनंतर गिअर अडकू लागला तर गिअरबॉक्स उघडण्याआधी या खुणा जुळतात का ते पाहावे.

परत बसवताना सर्व बोल्ट प्रथम हातानेच धरून घ्यावेत, पुढची चाके जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवावीत, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कॉलमला आपली जागा घेऊ द्यावी आणि मगच पाना लावावा. त्यानंतर बॅटरी जोडून पुन्हा तसेच फिरवावे. वळवताना हॉर्न आपोआप वाजला, तर त्याची वायर कोठेतरी दाबली गेली आहे, तेव्हा ब्रॅकेट पुन्हा सैल करून ती मोकळी करावी.