दहा नाणी, तेरा फेऱ्या: चार वर्षांच्या मुलाला घरी बायबल शिकवताना

आमचा धाकटा चार वर्षांचा आहे आणि त्याला दहापर्यंत नीट मोजता येतं. म्हणून घरच्या शिकण्याची सुरुवात मी हरवलेल्या मेंढराऐवजी हरवलेल्या नाण्यापासून केली. लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, या दोन्ही गोष्टी लागोपाठ येतात. मेंढरं शंभर, नाणी दहा. शंभरातलं एक गेलं तर एवढ्या लहान मुलाला काही गेल्यासारखं वाटतच नाही. दहातलं एक गेलं की त्याच्या बोटांना ते लगेच कळतं. गोष्ट निवडताना मी आता हेच बघते, की ती त्याच्या हातात मावते का.

थोरलीच्या वेळी मी वेगळं करत होते. गोष्ट वाचायची, चित्र रंगवायला द्यायचं आणि शेवटी विचारायचं, "यातून देव आपल्याला काय सांगतो?" ती दर वेळी म्हणायची, "चांगलं वागायचं." गोष्ट दाविदाची असो की योनाची, उत्तर तेच. ती मला हवं ते उत्तर देत होती आणि गोष्ट तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. आता मी तो प्रश्न विचारत नाही. "काय काय झालं, मला सांग," एवढंच म्हणते.

आठवड्याला एकच गोष्ट, रोज साधारण वीस मिनिटं. आधी ऐकायचं, मग हातांनी करायचं, मग त्यानं ती मला सांगायची. शेवटी एका वाक्याची प्रार्थना, त्याच्याच शब्दांत. तो "बटणांसाठी थँक्यू" म्हणाला तरी मी दुरुस्त करत नाही.

नाण्याच्या गोष्टीसाठी दहा मोठी बटणं किंवा जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या घ्या. घरात आणखी लहान भावंड असेल तर चकत्याच बऱ्या, बटणं आणि खरी नाणी तोंडात जातात. एका ओळीत मांडून प्रत्येकीला बोट लावत मोजायला सांगा. मग त्यानं पाठ फिरवायची आणि तुम्ही एक चकती खोलीत लपवायची, पण केरसुणी पोचेल अशा जागी. पडदे ओढा, हातात टॉर्च द्या. गोष्टीतली बाई दिवा लावते, घर झाडते आणि मन लावून शोधते, तोच क्रम ठेवा. झाडण्यानं मनगटाला जे वळण मिळतं ते पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतं. नाणं सापडल्यावर ती मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते, हा भाग कधीही गाळू नका. आम्ही आजीला हाक मारतो. आजी येते, टाळ्या वाजवते, आणि त्याच्या चेहऱ्यावर गोष्टीतला आनंद खराखुरा दिसतो. चौथ्या दिवशी मी न सांगता दोन चकत्या लपवल्या. तो मोजून म्हणाला, "आठच आहेत, अजून दोन पाहिजेत." वजाबाकी मी शिकवलेली नव्हती.

यरीहोच्या आठवड्याला मात्र सातही दिवस लागतात. देवाचे लोक यरीहो शहराभोवती फेऱ्या घालतात आणि शेवटी त्याची भिंत कोसळते, ती ही गोष्ट. पहिल्या दिवशी ठोकळ्यांची भिंत रचा आणि ती मोडायची नाही असं ठरवा. तिच्याभोवती सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात. एकूण तेरा. दर फेरीला फळ्यावर एक रेघ ओढायची. यहोशवाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, लोकांना सक्त सांगितलेलं आहे की आज्ञा होईपर्यंत तोंडातून शब्द निघता कामा नये. खरा अभ्यास तोच आहे. पहिल्या दिवशी धाकट्याला अर्धी फेरीसुद्धा गप्प राहता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही हातांनी तोंड धरून फेरी पुरी केली. पाचव्या दिवशी हात खाली होते. बायबलमधलं गलतीकरांस पत्र आत्म्याच्या फळात, म्हणजे देवाच्या आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांत, याला 'इंद्रियदमन' म्हणतं. तो अवघड शब्द मी उच्चारलाही नाही, पण सहा दिवस समोर उभी असलेली भिंत त्यानं पाडली नाही. सातव्या दिवशी कागदाच्या नळीचं शिंग फुंकलं आणि तो एवढ्या जोरात ओरडला की थोरली कानांवर हात ठेवून हसत सुटली. मी गोष्ट भिंत पडते तिथेच थांबवते. पुढचं वर्णन या वयाला झेपणारं नाही.

नोहाच्या गोष्टीचंही तसंच आहे, आणि तिथे मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. मराठी बायबलमध्ये तारवाचं, म्हणजे पुरातून वाचण्यासाठी नोहानं बांधलेल्या मोठ्या जहाजाचं, माप हातांत दिलं आहे: लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मुलाचा हात पुठ्ठ्यावर ठेवून तेवढी पट्टी कापा. तिनं मोजून दहा हातांची दोरी बनवा. मोकळ्या जागेत ही दोरी तीनदा टाकली की उंची, पाचदा टाकली की रुंदी. लांबीसाठी तीसदा टाकावी लागते, ती दोन-तीन जणांनी मिळून टाका. आम्ही शेवटच्या टोकाला पोचलो तेव्हा सुरुवातीला ठेवलेली टोपली एवढीशी दिसत होती. दहाचे गठ्ठे मोजायला याहून चांगला पाठ मला सापडलेला नाही.

पण दोरी गुंडाळताना त्यानं विचारलं, "तारवाचं दार बंद झालं, मग बाहेरच्यांचं काय झालं?" हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर आधी ठरवून ठेवा. मी म्हणाले, "ते बुडाले. मलाही वाईट वाटतं." मग आम्ही मेघधनुष्याचा भाग वाचला, पुन्हा असा पूर आणणार नाही हे देवाचं वचन. तो बराच वेळ गप्प होता. खोटं सांगून हसरं चित्र पुढे करणं मला पटत नाही. तुमचं मूल हळवं असेल तर ही गोष्ट वर्षभर थांबवा, काही बिघडत नाही.

अक्षरांसाठी वर्णमालेच्या क्रमानं जाऊ नका. ग, म, न, भ यांची वळणं एकमेकांच्या जवळची आहेत: ग गाढवाचा, ज्याच्यावर बसून येशू यरुशलेमेत आला, म मेंढराचा, न नोहाचा, भ भाकरीचा. ताटात वाळू पसरून बोटानं गिरवायचं. मोहरीच्या दाण्याची गोष्ट करायची तर ओल्या कापसावर दाणे टाका, काही दिवसांत कोंब दिसतात. एक दाणा कागदावर चिकटवून शेजारी ठेवा, म्हणजे वाढ डोळ्यांना दिसते. दाणे नाकात-कानात जाऊ नयेत म्हणून या वेळी तुम्ही शेजारी बसाच.

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातली सहा दिवसांची निर्मिती करायची असेल तर सहा खोकी घ्या, रोज एक भरा. सातव्या दिवशी काही करू नका, अगदी रंगही काढू नका. देवानं विसावा घेतला हे मुलाला रिकाम्या टेबलावरूनच कळतं.

झोपताना तेविसावं स्तोत्र. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' या चार शब्दांना चार बोटं. अंगठा वेगळा उभा राहतो, ते चुकलेलं मेंढरू. एकेक शब्द म्हणत एकेक बोट धरायचं, 'माझा' ला बोट जरा जास्त दाबायचं. शेवटी अंगठा तळव्यात आणि चारही बोटं त्याच्यावर मिटायची. धाकटा हल्ली तशीच मूठ उशीखाली घेऊन झोपतो.